बाटलीवरील आंकडा

ज्या वस्तूचें नांव घरांत मोठ्यानें घेत नाहींत, त्या वस्तूचें माप घरांत कोणासच ठाऊक नसतें. तुपाचा डबा किती दिवस पुरेल, गवळ्यानें दुधांत पाणी किती घातलें, पाक एकतारी झाला कीं दोनतारी, यांविषयीं आपल्या कुटुंबांतून जी सूक्ष्म दृष्टि आढळते, ती मद्याच्या बाबतींत मुळींच आढळत नाहीं. कारण उघड आहे. एका पिढीनें हा विषय पातक म्हणून उंबऱ्याबाहेर ठेविला. दुसरीनें तो करमणूक म्हणून हलकेच आंत आणिला. पहिलीस मोजण्याची गरज वाटली नाहीं आणि दुसरीस मोजणें अडचणीचें वाटलें. या दोन पिढ्यांच्या मधल्या संकोचांतून एक वाक्य जन्मास आलें आहे: "बियर म्हणजे कांहीं दारू नव्हे." हें वाक्य आम्ही आज तपासून पाहणार आहों, आणि तें उपदेशानें नव्हे, तर त्रैराशिकानें.

प्रथम शास्त्राचेंच पाहूं. आपल्या पूर्वजांनीं निषेध केला तो कडक दारूचा, बियरसारखें सौम्य पेय त्यांच्या दृष्टीसमोर नव्हतेंच, असें ज्यांस वाटतें त्यांनीं मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडावा. तेथें सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गौडी, पैष्टी आणि माध्वी. यांतील पैष्टी म्हणजे धान्याच्या पिठापासून आंबवून केलेली सुरा. जवांपासून होणारी बियर ही तिची सख्खी नात नसली तरी जवळची नातलग खास आहे. तेव्हां वरील वाक्यास स्मृतीचा आधार मिळत नाहीं. परंतु आजच्या तरुणापुढें स्मृतिवचन ठेवून वाद मिटत नाहीं, हें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें आहे. त्यास आंकडा हवा असतो. आणि आमच्या मतें ही त्याची मागणी अगदीं रास्त आहे. म्हणून आंकड्याकडेच वळूं.

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतो. त्या देशांत १९६३ सालीं घरच्यापुरती बियर करण्यास लागणारा परवाना रद्द झाला. तेव्हांपासून विक्रीचा हेतु नसेल तर तेथील कोणीही गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरांत ती करूं शकतो. आपल्या राज्यांत परवान्याशिवाय असें करणें कायद्याविरुद्ध आहे, हें गैरसमज होऊं नये म्हणून येथेंच सांगून ठेवितों. दोन वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों होतों. जिन्याखालच्या कपाटांत झांकण लावून ठेविलेल्या एका मोठ्या डब्यांतून रात्रंदिवस बुडबुड आवाज येई, आणि इडलीचें पीठ फार आंबलें म्हणजे सुटतो तसा वास येई. आमच्या सौभाग्यवतींनीं दोन दिवस तिकडे दुर्लक्ष केलें. तिसऱ्या दिवशीं त्यांना राहवेना. "अरे, ते तुझं जे काय आहे ते उतू जाईल हो," त्या म्हणाल्या.

"नाही जायचं, काकू. मोजून ठेवलंय," तो म्हणाला.

काय मोजलें आणि कसें, असें आम्हीं विचारतांच त्यानें खणांतून कांचेची एक पोकळ नळी काढली. खालीं फुगा, फुग्यांत वजन, वर बारीक दांडी आणि दांडीवर रेघा. ती पाहतांच सौभाग्यवती उद्गारल्या, "अगबाई, हा तर दूध तपासायचा लॅक्टोमीटर!" त्यांचें म्हणणें बरोबर होतें. दुधाचा लॅक्टोमीटर आणि हा हायड्रोमीटर हीं एकाच तत्त्वावर चालणारीं भावंडें आहेत. द्रव जड असेल तर नळी वर तरंगते, हलका असेल तर खोल बुडते. शुद्ध पाण्यांत ती १.००० या रेघेपर्यंत बुडते. एक लिटर द्रवाचें वजन १०५० ग्रॅम असेल तर ती १.०५० दाखविते. हेंच त्या द्रवाचें विशिष्ट गुरुत्व.

आतां बियर होते कशी, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जव भिजवून त्यांस मोड आणितात, मग वाळवून भरडतात. तान्ह्या मुलासाठीं नाचणीचें सत्त्व करणाऱ्या घरांस ही रीत नवी वाटणार नाहीं. हा भरडा ऊन पाण्यांत ठेविला म्हणजे मोडांमुळें तयार झालेलीं पाचक द्रव्यें त्यांतील पिष्टाची साखर करितात. हा गोड रस गाळून, हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून उकळतात, निववितात आणि त्यांत यीस्ट सोडितात. यीस्ट साखर खातें आणि तिच्यापासून दोन वस्तू निर्माण करितें: मद्यार्क आणि कर्बवायु. रसायनशास्त्राचा हा हिशेब ठरलेला आहे. १८० भाग द्राक्षशर्करेपासून ९२ भाग मद्यार्क होतो आणि ८८ भाग वायु निघून जातो. डब्यांतून येणारा बुडबुड आवाज म्हणजे हा वायु बाहेर पडण्याचा आवाज.

पुतण्यानें आरंभीं गोड रसांत नळी सोडली होती तेव्हां ती १.०५० दाखवीत होती. पंधरा दिवसांनीं, आमच्यासमक्ष, त्यानें पुन्हां ती सोडली, आंकडा १.०१० आला. मग त्यानें पाकिटाच्या पाठीवर आम्हांस जें करून दाखविलें तें शाळेंतल्या मुलासही समजेल असें आहे. एक लिटर रसाचें वजन आधीं १०५० ग्रॅम होतें, आतां १०१० झालें. ४० ग्रॅम गेले कोठें? वायूच्या रूपानें उडून गेले. वायु ८८ तर मद्यार्क ९२, या प्रमाणानें वायु ४० तर मद्यार्क जवळजवळ ४२ ग्रॅम. मद्यार्क पाण्याहून हलका. त्याच्या एका मिलिलिटरचें वजन सुमारें ०.७९ ग्रॅम. ४२ ला ०.७९ नें भागिलें कीं ५३ मिलिलिटर येतात. हजार मिलिलिटरांत ५३, म्हणजे शेंकडा ५.३. घरीं बियर करणारे लोक एवढा खटाटोप न करितां दोन आंकड्यांच्या वजाबाकीस १३१.२५ नें गुणितात, ०.०४० ला तेवढ्यानें गुणिलें कीं ५.२५ येतात. गुणक कोठून आला हें आतां वाचकांस उमगलेंच असेल.

या कामांत दक्षता लागते. नळीवरील रेघा एका ठराविक उष्णमानास, बहुधा २० अंशांस, अनुसरून असतात. रस ऊन असतांना मोजला तर तो खोटाच हलका भासतो. वायूचे बुडबुडे नळीस चिकटले तर ते तिला वर उचलतात आणि आंकडा फुगतो. म्हणून बियर आधीं दोन भांड्यांतून वरखालीं ओतून, आपण कॉफी निववितों तशी, वायुरहित करावी लागते. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, दोन्ही आंकडे हाताशीं असल्याशिवाय ही रीत निरुपयोगी आहे. १.०४० पासून १.०१० पर्यंत उतरलेल्या बियरमध्यें शेंकडा ३.९ मद्यार्क असतो, आणि १.०७० पासून त्याच १.०१० पर्यंत उतरलेल्या बियरमध्यें ७.९. शेवटीं नळी दोहोंत सारखीच बुडते. जेथें नळीच फसते तेथें जिभेची काय कथा? थंडगार बियर घोटभर घेऊन "हलकी आहे" असें म्हणणारा मनुष्य खरें बोलत असतो तें केवळ चवीविषयीं. मद्यार्काविषयीं त्यास कांहीं कळलेलें नसतें.

तयार बाटलीच्या बाबतींत आरंभीचा आंकडा आपणांस मिळत नाहीं. तेथें रसायनशाळेंत दुसरी रीत वापरतात. बियर मोजून घेऊन तापवितात, वाफेबरोबर येणारा मद्यार्क थंड करून धरितात, त्यांत पाणी घालून मूळ मापाइतकें करितात आणि मग त्याचें गुरुत्व पाहतात. साखर मागें राहिलेली असल्यामुळें या वेळीं नळीस फसविणारें कांहीं उरत नाहीं. पाणी व मद्यार्क यांच्या मिश्रणाचीं कोष्टकें तयार असतात. त्यांत पाहिलें कीं आंकडा मिळतो.

हें सर्व शास्त्र कोणा विद्वानाच्या कुतूहलांतून नव्हे, तर व्यापाऱ्याच्या व सरकारच्या गरजेंतून वाढलें. जॉन रिचर्डसन या इंग्रज व्यावसायिकानें १७८४ सालीं बियर करणाऱ्यांसाठीं या नळीच्या उपयोगावर ग्रंथ लिहिला. त्याचा रोख एवढाच होता कीं, विकत घेतलेल्या धान्यांतून पैशाच्या मानानें सत्त्व किती निघालें हें कळावें. पुढें १८८० सालीं ग्लॅडस्टन यांनीं ब्रिटनमध्यें माल्टवरील कर काढून तो गोड रसाच्या आरंभीच्या गुरुत्वावर बसविला. ही पद्धत थेट १९९३ पर्यंत चालली. त्या सालापासून तयार बियरमध्यें मद्यार्क किती, यावर कर घेऊं लागले. म्हणजे दुकानदारानें मोजलें, सरकारनें मोजलें. पिणाऱ्याच्या घरानें मात्र मोजलें नाहीं. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून महाराष्ट्रास एका प्याल्याचें भय ठाऊक आहे. परंतु तो प्याला केवढा आणि त्यांत भरलें काय, हा प्रश्न आपण अजून विचारीत नाहीं.

बाटलीवर आंकडा छापलेला असतो, मग अडचण काय, असें कोणी म्हणेल. अडचण अशी कीं, आंकडे अनेक जातींचे असतात. आपल्याकडे व बहुतेक देशांत तो घनफळाच्या मानानें शेंकडा किती, हें सांगतो. अमेरिकेंत दारूबंदी उठण्याच्या सुमारास, १९३३ सालीं, ३.२ टक्के मद्यार्काच्या बियरला प्रथम मोकळीक मिळाली. पण तो आंकडा वजनाच्या मानाचा होता. मद्यार्क हलका असल्यामुळें वजनाचे ३.२ म्हणजे घनफळाचे ४ होतात. चेक लोकांच्या बाटलीवर १० किंवा १२ हे अंश असतात. प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ बालिंग यांनीं १८४३ सालीं बसविलेल्या पद्धतीशीं त्यांचा संबंध आहे. १२ अंश म्हणजे शंभर ग्रॅम गोड रसांत १२ ग्रॅम सत्त्व, मद्यार्क नव्हे. अशा बियरमध्यें मद्यार्क साधारण ५ टक्केच असतो. आणि इंग्रजी अमदानीपासून आपल्याकडे कडक दारूसाठीं 'प्रूफ' हें आणखी एक माप चालत आलें आहे. त्या मापानें १०० प्रूफ म्हणजे घनफळाचे ५७.१ टक्के; त्याच्या पाऊणपटीचे, म्हणजे ७५ अंशांचे, होतात ४२.८. आपल्या देशांत व्हिस्कीच्या बाटलीवर जो ४२.८ असा विचित्र अपूर्णांक दिसतो त्याचा उगम हा आहे.

परंतु टक्केवारी बरोबर वाचली तरी काम निम्मेंच होतें. टक्केवारी ही दाटी सांगते, एकूण माल सांगत नाहीं. एकूण माल काढण्यास पेल्याचें माप हवें. येथेंच बियर लोकांस चकविते. कारण तिची दाटी कमी, पण माप मोठें. या गोष्टीचा प्रत्यय आमच्या घरीं गेल्या दिवाळींत आला, तो प्रसंग सांगतों.

आमचें कुटुंब पुण्यास अजून एकत्र आहे. वडील बंधूंस, म्हणजे दादांना, मद्याचें नांवही खपत नाहीं. आमचे धाकटे चिरंजीव कचेरींतील मित्रांबरोबर शुक्रवारीं रात्रीं क्वचित् बियर घेतात, हें घरांत सर्वांस ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाहीं. दिवाळींत तो इंग्लंडचा पुतण्याही आला होता. फराळ झाल्यावर बोलणें त्याच्या डब्यावरून निघालें आणि नको तेथें येऊन पोंचलें. दादा रागावले. चिरंजीव नम्रपणें म्हणाले, "दादाकाका, व्हिस्कीला मी आजवर हात लावलेला नाही. एखादी बियर, तीही एकच बाटली. ती काही दारू नाही."

आमच्या सूनबाई एका शाळेंत गणित शिकवितात. त्यांनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचें गेल्या महिन्याचें पान फाडलें, पालथें घातलें आणि विचारलें, "अहो, बाटली केवढी असते?"

"साडेसहाशे मिलिलिटर."

"आणि त्यावर आकडा?"

चिरंजीव किंचित् थांबले. "आठ," ते म्हणाले. "स्ट्राँग असेल तर आठपर्यंत."

सूनबाईंनीं लिहिलें: ६५० चे शेंकडा ८ म्हणजे ५२ मिलिलिटर. त्यांस ०.७९ नें गुणिलें. ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. मग त्यांनीं पुतण्यास व्हिस्कीचा मोठा पेग केवढा तें विचारलें. ६० मिलिलिटर, त्याचे शेंकडा ४२.८ म्हणजे २५.७, वजन २० ग्रॅम. त्यांनीं दोन्ही आंकडे एकाखालीं एक मांडिले आणि पान चिरंजीवांपुढें सरकविलें. व्हिस्कीस हात न लावणारे आमचे चिरंजीव एका बाटलींत दोन मोठे पेग घेत आले होते. दादा कांहींतरी बोलणार होते, पण वहिनींनीं त्यांस नुसत्या डोळ्यांनीं थांबविलें; आणि तें योग्यच झालें. त्या क्षणीं आंकड्याचें काम आंकड्यासच करूं देणें अवश्य होतें.

बियरची जी लहान बाटली ३३० मिलिलिटरची व ५ टक्क्यांची असते, तींत याच हिशेबानें १३ ग्रॅम मद्यार्क भरतो. तिलाही "एक बियर" म्हणतात आणि वरच्या ४१ ग्रॅमांच्या बाटलीलाही "एक बियर"च म्हणतात. एकाच शब्दांत तिपटीचें अंतर! "एक वाटी तूप" असें सांगून वाटी केवढी तें न सांगणाऱ्या पाकपुस्तकास आपल्या गृहिणी क्षणभरही घरांत ठेवणार नाहींत.

हिशेब येथें थांबला असता तर तो वादांतला एक विजय एवढाच ठरता. परंतु सूनबाईंनीं दुसरा प्रश्न केला: हें शरीरांत किती वेळ राहतें? याचें उत्तर स्वीडनमधील एरिक विडमार्क या शास्त्रज्ञानें १९३२ च्या आपल्या ग्रंथांत दिलें आहे, आणि तें आजही ढोबळ अंदाजास वापरतात. मद्यार्क शरीरांतील पाण्यांत पसरतो. म्हणून पुरुषाच्या वजनास सुमारें ०.६८ नें व स्त्रीच्या वजनास सुमारें ०.५५ नें गुणावें आणि त्या गुणाकारानें मद्यार्काच्या ग्रॅमांस भागावें. म्हणजे रक्ताच्या दर हजार भागांत मद्यार्क किती, तें येतें. चिरंजीवांचें वजन ६५ किलो. ६५ ला ०.६८ नें गुणिलें कीं ४४.२, ४१ ला ४४.२ नें भागिलें कीं ०.९३. कायद्याच्या भाषेंत मांडावयाचें तर १०० मिलिलिटर रक्तांत सुमारें ९३ मिलिग्रॅम. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें वाहन चालविणाऱ्याच्या रक्तांत ३० हून अधिक असतां कामा नये. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तो दंड दहा हजार रुपयांपर्यंत नेला आहे.

रक्तांतील मद्यार्क तासास सुमारें १५ मिलिग्रॅम या गतीनें कमी होतो. ही गति माणसामाणसांत थोडी कमीअधिक असते. परंतु कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबाचें सरबत यांपैकीं कशानेंही ती वाढत नाहीं. यकृत आपल्या चालीनेंच चालतें. जेवणाबरोबर घेतल्यास मद्यार्क रक्तांत सावकाश उतरतो, हें खरें. पण त्यायोगें त्याचा पुरता निचरा लवकर होतो असें मानून कोणीं बेफिकीर राहूं नये. या मानानें एका बाटलीचे ९३ हे ३० पर्यंत उतरावयास चार तासांहून अधिक वेळ लागतो.

"आणि दोन बाटल्या झाल्या तर?" सूनबाईंनीं विचारलें. कोणी उत्तर दिलें नाहीं, म्हणून त्यांनींच गणित मांडिलें. ८२ ग्रॅम, रक्तांत १८६. रात्रीं नऊला आरंभ केला असें धरिलें तर सकाळीं सातपर्यंत दहा तास होतात. दहा तासांचे १५० वजा केले. खालीं उरले ३६.

त्यांनीं पेन्सिल खालीं ठेविली. पुढें त्या एक शब्दही बोलल्या नाहींत. शनिवारची शाळा सकाळची असते, आणि आमचा सात वर्षांचा नातू ठीक सात वाजतां वडिलांच्या स्कूटरवर पुढें उभा राहून शाळेस जातो. चिरंजीव त्या ३६ या आंकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. चेहऱ्यावर गुर्मी नव्हती, लाजही नव्हती. रात्रीं बियर, सकाळीं आंघोळ, इस्त्रीचे कपडे, म्हणजे मनुष्य शुद्धीवर, अशी जी त्यांची समजूत होती ती त्या कागदावर मोडलेली त्यांना दिसत होती. शेवटीं ते हलकेच म्हणाले, "शनिवारी त्याला रिक्षा लावू या." दादांनीं तेव्हां जें केलें तें आम्हांस फार आवडलें. ते म्हणाले, "रिक्षा कशाला? मी सोडीन. तेवढंच सकाळचं चालणं होईल." बोलण्यांत उपदेश नव्हता, उपहास नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत या विषयावर आमच्या घरीं झालेलें हें पहिलेंच शांत बोलणें होय.

या हिशेबाविषयीं दोन गोष्टी बजावून सांगणें आमचें कर्तव्य आहे. पहिली ही कीं, हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. वय, प्रकृति, औषधें, जेवण यांनीं त्यांत फरक पडतो. बाटलीवर बहुधा "अमुक टक्क्यांहून अधिक नाहीं" असें लिहिलेलें असतें. म्हणून हिशेबास वरचाच आंकडा धरावा. स्त्रियांच्या बाबतींत तर विशेष सावध असावें. तीच ४१ ग्रॅमांची बाटली ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तांत सुमारें १४९ पर्यंत आंकडा नेते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: हिशेब म्हणजे परवाना नव्हे. ३० च्या खालीं उतरलों म्हणजे हात स्थिर व नजर निर्मळ झाली असें नाहीं. ती केवळ शिक्षेची सीमा आहे. आणि प्रकृतीच्या दृष्टीनें पाहूं जातां, जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्टच सांगितलें आहे कीं, मद्यार्काचें कोणतेंही प्रमाण पूर्णपणें निर्धोक नाहीं. न पिणाऱ्यास हें गणित करण्याचा प्रसंगच येत नाहीं, हें त्याचें सुख आहे.

परंतु ज्या घरांत तरुण मंडळी घेतात, त्या घरांत केवळ डोळे मिटून किंवा केवळ आवाज चढवून काय साधतें, याचा विचार वडीलधाऱ्यांनीं करावा. डोळे मिटले म्हणजे "नुसती बियर" हें वाक्य आणखी एक पिढी टिकतें. आवाज चढविला म्हणजे तरुण खरें सांगावयाचे थांबतात, आणि बाटली केवढी होती हें विचारण्याचीही सोय राहत नाहीं. या दोहोंपेक्षां तिसरा मार्ग आमच्या सूनबाईंनीं दाखविला. त्यांनीं निषेध केला नाहीं आणि संमतिही दिली नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारले आणि उत्तरें ज्याचीं त्याच्याकडून घेतलीं.

गणित एवढेंच आहे: बाटलीचे मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले ०.७९. येतील ते ग्रॅम. आपल्या घरांतील दहा वर्षांचें मूल तें करूं शकेल. तरी तें त्याच्याकडून न करवितां मोठ्यांनींच एकदां बसून करावें. घरांत विषय निघाला असेल तर वाचकांनीं दिनदर्शिकेचें एक जुनें पान घ्यावें, आपल्याकडील आंकडे त्यावर मांडावे, आणि रात्रीं कोण वाहन चालविणार, सकाळीं मुलांस शाळेंत कोण पोंचविणार, हे दोन प्रश्न त्याच पानावर खालीं लिहावे.